रुमालाखालचं ‘किती’

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. आणि तोंडाला पदर लावून हसलात तरी मला कळतं बरं का! माझ्या धंद्याचा श्रीगणेशा कसा झाला ते ऐकायचंय ना? मग चहा घ्या, बिस्किटं घ्या आणि गप बसा. असा घोळ आख्ख्या नवी मुंबईत दुसऱ्या कुणी घातला नसेल. मी घातला, तोही तोंडातून एक चुकीचा शब्द न काढता. नुसत्या बोटांनी!

नव्वदीतली गोष्ट. आम्ही साताऱ्याकडून येऊन नेरुळला बस्तान बसवलं होतं. चौथा मजला, लिफ्ट नाही, पाणी सकाळी तासभर. हे तळोज्याला एका कंपनीत सुपरवायझर. माणूस सोन्यासारखा, दारू नाही, तंबाखू नाही. पण पैशाच्या बाबतीत म्हणाल तर देवा रे देवा! रोज सकाळी कंपनीची बस पकडायच्या आधी पिठाच्या डब्यावर वीस रुपये ठेवायचे. भाजी त्यात, कोथिंबीर त्यात, पोरांची खोडरबरं त्यात. आणि संध्याकाळी बूट काढायच्या आधी विचारायचे, “उरले का गं काही?”

उरले का म्हणे! मी काय रिझर्व्ह बँक आहे?

टिकलीचं पाकीट घेतलं तरी “परवाच घेतलं होतंस ना?” अहो, टिकली कपाळावरून पडते, तिला मी काय खिळा मारू? डोकं असं तापायचं माझं! पण बोलणार काय? पगार त्यांचा, डबा माझा. डब्यावर काय ठेवायचं ते त्यांच्या हातात.

मग एकदा बिल्डिंगमधल्या भिशीत माझा नंबर लागला. पाच हजार रुपये! बायांनो, पाच हजार एका वेळी माझ्या हातात कधी आले नव्हते. ते पैसे मी वर्षभर कसे जमवले ते विचारू नका. साड्यांना फॉल-बिडिंग करून, शेजारणींच्या कुरडया घालून, आणि हो, त्या वीस रुपयांतून दोन-दोन रुपये मारून. म्हणजे उरायचे हो, मी सांगत नव्हते एवढंच!

त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं, “मी धंदा करणार. मला माझा पैसा पाहिजे. ऊठसूट तुमच्यापुढं हात पसरायचा मला कंटाळा आलाय.”

ह्यांनी भाकरीचा तुकडा तोंडात घालायचा थांबवला. “कसला धंदा?”

“आंब्याचा. सीझन आहे. मार्केटमधून पेटी आणायची, कॉलनीत डझनावर विकायची.”

“आणि बुडालीस म्हणजे?”

“बुडाले तर माझे बुडतील!”

ह्यांना वाटलं थट्टा. पण मी पेटलेच होते. शेवटी हेही इरेला पेटले. म्हणाले, “बरं शोभा, पैज. पाच हजाराचे सहा हजार करून दाखव. दाखवलेस, तर सगळा पगार तुझ्या हातात. घर तू चालव, मी विचारणार नाही. पण बुडाले, तर धंदा हा शब्द परत घरात काढायचा नाही. भिशीपण बंद.”

“कबूल!” मी म्हटलं, आणि आनंदाच्या भरात त्यांना आणखी एक भाकरी वाढली. सगळा पगार माझ्या हातात! मी त्या रात्री झोपेत हसत होते म्हणे.

आता मार्केटचं बघा. फळांचं मार्केट मुंबईतून इकडं वाशीला येऊन फार दिवस झाले नव्हते. ह्यांचे चुलतभाऊ, बाळूभावजी, तिथं माथाडी. पाठीवर पेट्या वाहायचं काम, पण मार्केटमध्ये मान मोठा. मे महिन्याची सुरुवात, पोरं आजोळी गेलेली, घरात आम्ही दोघंच. यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? त्या दिवशी ह्यांचा पगारही होता. मी म्हटलं, ह्यांचा हा शेवटचा पगार जो ह्यांच्याच खिशात राहील! पाच हजार रुपये रुमालात बांधून पोटाशी खोचले आणि ह्यांच्याही आधी घराबाहेर पडले.

सुरुवात लहान करायची, हे माझं आधीच ठरलं होतं. फक्त दोन पेट्या. त्या विकायच्या, मग चार, मग आठ. बघा, अक्कल होती हो मला! अक्कल नव्हती असं कुणी म्हणू नका.

गेटावर बाळूभावजी भेटले. डोक्याला टापशी बांधलेली, घामानं निथळत होते. “वहिनी, तुमी? दादाला म्हाईत हाय का?”

“त्यांनीच पैज लावलीय. मला आंबा पाहिजे, चांगला हापूस.”

“मग चला.” त्यांनी मला एका गाळ्यावर नेलं. काय तो वास! पेंढ्याचा, लाकडाचा, आंब्याचा. जीव नुसता हरखून गेला. गाळ्यावर एक जाडगेले शेठ उभे, गळ्यात सोन्याची चेन, खांद्यावर मोठा टर्किशचा रुमाल. आणि काय बघते, तर शेठनं तो रुमाल आपल्या आणि दुसऱ्या एका माणसाच्या हातावर टाकलाय, खाली दोघांनी एकमेकांचे हात धरलेत आणि डोळ्यांत डोळे घालून उभे! मला बाई कसंसंच झालं. भर बाजारात!

“भावजी, हे काय?”

“सौदा हाय, वहिनी. हत्ता म्हन्त्यात याला. तोंडानं बोलायचं नाय, बाजूच्याला कळाय नको. रुमालात हात घालायचा आन् किती ते बोटांनी सांगायचं. शेठ बोटं दाबतील, तुमाला पटलं तर ठीक, नायतर तुमी त्यांची दाबा. लय सोपं हाय.”

ऐकलंत ना? काय म्हणाले भावजी? “किती ते बोटांनी सांगायचं.” बरोबर? आता तुम्हीच सांगा, मी मंडईत गेले आणि भाजीवालीनं विचारलं, “किती?” तर मी काय सांगते? अर्धा किलो! दोन जुड्या! मला कुणी ‘किती’ म्हटलं की मी नगच मोजणार ना? बाईमाणूस मी!

तेवढ्यात पलीकडून हाक आली, ट्रक खाली करायला बाळूभावजींना बोलावलं. “आलोच वहिनी, तुमी हितंच थांबा,” म्हणून ते गेले. आता थांबायचं ना? पण थांबणं आमच्या खानदानात नाही. मी पदर खोचला आणि शेठपुढं जाऊन उभी राहिले.

“मला आंबा पाहिजे. हा, ह्यातला.” एका बाजूला पेट्यांची थप्पी होती तिकडं मी बोट केलं.

शेठनं मला खालून वर बघितलं. “ताई, हत्त्यात बायका नाय येत.”

“का? बायकांना बोटं नसतात?”

आजूबाजूचे हमाल फिदीफिदी हसायला लागले. एकजण ओरडला, “शेठ, द्या की ताईला चान्स!” शेठचाही इलाज नव्हता. त्यांनी रुमाल झटकला, माझ्या हातावर टाकला आणि खाली माझा हात धरला.

बाई गं! लग्नाच्या होमापुढं ह्यांनी धरला होता तेवढाच. माझा डावा हात आपोआप वर गेला होता, एक ठेवून द्यायला! पण मी मनाला म्हटलं, शोभा, धंदा आहे हा, धंदा! आवर!

शेठनं माझी चार बोटं धरून दाबली.

चार? चार पेट्या? वा रे वा! नवीन गिऱ्हाईक बघून गळ्यात मारतोय! मी हात सोडवला आणि त्यांची दोन बोटं घट्ट धरली. दोन!

शेठचे डोळे पांढरे झाले. “काय ताई, मारता का मला?”

“मारायचं काय त्यात? मला तेवढंच झेपतं.”

त्यांनी माझी तीन बोटं धरली आणि चौथं मधोमध चिमटलं. साडेतीन! मला कळेना, अर्धी पेटी हा माणूस देणार कशी? करवतीनं कापून? मी परत दोन बोटं दाबली, यावेळी नखं लावून.

“तीन करा, ताई. माल बघा तरी. बाजारात चालू काय हाय विचारा.”

“बाजाराचं बाजारापाशी. माझ्या घरात माणसं दोनच आहेत शेठ, पोरं गावाला गेलीत.”

“मंग त्याला मी काय करू?” शेठ अगदी रडकुंडीला आले.

“करू नका काही. दोन म्हणजे दोन. जास्त एक नको मला.”

आता आमच्याभोवती ही गर्दी! इतर व्यापारी येऊन उभे. कुणी म्हणतंय, “बाई कडक हाय रे!” कुणी म्हणतंय, “शेठ, आज फसलात!” आणि मी? मी नुसती फुलले होते! घरात वीस रुपयांचा हिशेब देणारी मी, भर मार्केटात शेठला घाम फोडत होते. ह्यांनी बघायला पाहिजे होतं, असं राहून राहून वाटत होतं.

शेठनं एकदा थप्पीकडं बघितलं, एकदा वर आभाळाकडं. पुटपुटले, “पिकलाय. आज नाय गेला तर उद्या रसच हाय.” मग माझ्या हातावर फाटकन टाळी दिली. “घ्या! दिला! दोनचा तर दोनचा!”

“बाईनं दोननं उचलला!” अशी एकच आरोळी उठली. शेठनं माझ्यासाठी कटिंग मागवली. मी चहा प्यायले, ऐटीत प्यायले, आणि बशी खाली ठेवते तोवर हमाल पेट्या हातगाडीवर चढवायला लागला. एक. दोन.

“बास दादा,” मी म्हटलं.

तिसरी चढली. चौथी चढली.

“अहो, बास म्हटलं ना! दोन झाल्या!”

“बास कसं ताई? बावीसचा लॉट हाय. समदा तुमचाच.”

एवढ्यात बाळूभावजी धावत आले. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान, जसं काही मी गावात कुस्ती मारलीय. “वहिनी! दोनशेनं? हापूसचा लॉट दोनशे रुपये पेटीनं उचलला? आवो, सकाळपास्नं चारशे चालू हाय!”

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

चार म्हणजे चार पेट्या नव्हत्या हो. चारशे रुपये होते. साडेतीन म्हणजे साडेतीनशे. रुमालाखालचं ‘किती’ म्हणजे भाव किती! आणि माल किती? माल तर समोर थप्पी लावलेला सगळाच. मी तासभर, बायांनो, पेट्या कमी करायला भांडत होते, आणि तो बिचारा माणूस पैसे कमी करत होता!

“भावजी, मला दोनच पेट्या पाहिजेत. सांगा त्यांना, चूक झाली.”

भावजींचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, हत्त्यात दिलेला शब्द मोडत नाय हितं कोन. मोडला तर उद्या मला हे लोक गाळ्यावर उभं करनार नाईत. समद्यांना म्हाईत झालंय, तुमी माझी वहिनी हाय.”

झालं! आता काय करणार? त्यांची रोजीरोटी होती ती. मी पोटाशी खोचलेला रुमाल सोडला. बावीस पेट्यांचे चव्वेचाळीसशे मोजले. हमाली आणि टेम्पोचे तीनशे गेले. पाच हजारातले तीनशे रुपये उरले माझ्या हातात, आणि डोळ्यांपुढं ह्यांचा चेहरा. “धंदा हा शब्द परत घरात काढायचा नाही.”

टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले आणि आधी रडू आलं. मग म्हटलं, थांब शोभा. रडतेस कशाला? चारशेचा माल दोनशेत आणलायस तू! चुकून आणलास, पण आणलास ना? विकला तर डबल! आणि अहो, सांगते काय, तुर्भ्याचा पूल यायच्या आत माझं रडू पळालं आणि मी टेम्पोत गुणाकार करायला लागले. ड्रायव्हर माझ्याकडं बघायला लागला.

एकच अडचण. माल पिकलेला. नुसता पिकलेला नाही, आज खा नाहीतर उद्या फेका असा. बिल्डिंगपाशी टेम्पो थांबला तर चौथ्या मजल्यापर्यंत वास आधी पोचला. खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

“अय्या शोभा, आंबे? केवढ्याला देणार?”

“साडेतीनशे पेटी.”

“आणि आणलेस केवढ्याला?”

आता इथं गप्प बसायचं की नाही? पण माझ्या पराक्रमाची मला एवढी घमेंड! बोलून गेले, “दोनशेला! चारशेचा भाव होता, मी दोनशेवर आणला!”

“मग आम्हाला दोनशेलाच दे ना! आपल्यात कसला गं नफा?”

आठ पेट्या गेल्या. दोनशेलाच गेल्या. वर म्हणतात कशा, “शोभाचा हात सढळ हो!” तोंड बंद ठेवायला मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

राहिल्या चौदा. ह्या चौदांवर माझं सगळं स्वातंत्र्य टेकलेलं. सोसायटीच्या कोपऱ्यावर, कंपनीच्या बसेस थांबतात तिथं, जनाआत्या भाजी घेऊन बसायची. मूळ इथल्या गावची. जमीन कॉलनीत गेली, गावात तीन मजली घर उभं राहिलं, भाडेकरू भरले, पण घरात बसून करमत नाही म्हणून रोज टोपली घेऊन रस्त्यावर. विकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी तिच्यापुढं जाऊन बसले आणि सगळं सांगितलं.

आत्या इतकी हसली, इतकी हसली की तिचा तराजू उलटला. “बरा केलंस गो पोरी! बावीस! मंग आता?”

“आत्या, तू विक. पेटीमागं पन्नास तुझे. मला तीनशे दे. वर काय घेशील ते तुझं नशीब. पण एक, आमच्या ह्यांना अजिबात सांगू नकोस. बसमधून इथंच उतरतात ते. हा माल माझा आहे हे त्यांना कळता कामा नये. बावीस पेट्या चुकून घेतल्या म्हटल्यावर माझी खिल्ली उडवतील.”

“नाय सांगत.” आत्यानं गळ्याला हात लावला. “माझ्या तोंडशी यक शबूद निंगायचा नाय.”

दुपारभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. खाली जायची सोय नाही, मी दिसले तर गिऱ्हाईक दोनशेलाच मागायचं! गॅलरीतून बघावं तर झाड आडवं येतं. ह्यांना वास येऊ नये म्हणून घरभर फिनाईलनं पुसलं, उदबत्त्या लावल्या, पेंढा गोळा करून जिन्याखाली टाकला. चार वाजले, पाच वाजले. आत्याकडून काही निरोप नाही. एकीकडं वाटायचं, गेले पैसे. दुसरीकडं वाटायचं, पगार माझ्या हातात, पहिल्यांदा कुकर घ्यायचा नवा!

साडेसहाला खालून आत्याची हाक. मी चार मजले कसे उतरले मला माहीत नाही, चप्पल मागून आली असेल! जिन्याच्या तोंडाशी आत्या कंबरेवर हात ठेवून उभी, चेहऱ्यावर नुसती दिवाळी.

“समदा गेला गो! दोन पेट्या बायांनी नेल्या. आन् बारा... बारा यकट्या सायबानं!”

“एकट्यानं? बारा?”

“हां! चश्मेवाला सायब. बोलला, समद्या दे.” आणि तिनं कमरेच्या पिशवीतून पैसे काढून माझ्या ओंजळीत घातले. चौदा पेट्यांचे बेचाळीसशे!

मी तिथंच आत्याला मिठी मारली. मनात मोजलं, मघाचे, सकाळचे आणि हे, सहा हजाराच्या वर शंभर! जिंकले! बायांनो, मी जिंकले! देव भलं करो त्या चष्मेवाल्याचं, म्हटलं, त्याच्या बायकोला सोन्याच्या बांगड्या मिळोत! घाऊक गिऱ्हाईक, तेही पहिल्याच दिवशी! मी वर पळाले, पैसे तांदळाच्या डब्यात घातले, केस नीट केले आणि दारात ऐटीत उभी राहिले. येऊ देत हे. बघतेच आता.

जिन्यात धापा टाकायचा आवाज आला. पहिल्यांदा एक पेटी दिसली. पेटीखाली रिक्षावाला. त्याच्यामागं आणखी एक पेटी, आणि त्या पेटीमागं, चष्मा नाकाच्या टोकावर घसरलेला, शर्ट घामानं भिजलेला, तोंडभर हसणारा माझा नवरा!

“शोभा! सरक, सरक! खाली अजून दहा आहेत!”

मी दाराला पाठ लावून वाट करून दिली.

ह्यांनी पेटी ठेवली, कपाळ पुसलं. असे खुशीत मी त्यांना लग्नातही बघितलं नव्हतं. “अगं, सकाळपासून कंपनीत माझं लक्षच नव्हतं कामात. म्हटलं, ही एकटी बाई मार्केटात जाणार, फार तर दोन पेट्या आणणार. त्यात कधी सहा हजार व्हायचे? मग बसमधून उतरतो तर आत्यापुढं थप्पी! म्हटलं, पगार आहेच खिशात, हिला माल भरून द्यावा. हुरूप येईल. तू जिंकावंस असं मला वाटत नाही होय? रोज थोडे थोडे विक.”

खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वीस रुपयांचा हिशेब मागणारा माणूस, आणि माझ्यासाठी पगार उधळून आला होता! मी तिथंच विरघळले असते. पण हे थांबतील तर ना!

“आणि घासाघीस करावी लागते गं धंद्यात, तुला शिकवतो मी. आत्या चारशे म्हणत होती. मी खाली आणली तिला. साडेतीनशे!”

साडेतीनशे! माझी तळपायाची आग मस्तकात! धंदेवाली बाई मी आता, मला कसं सहन व्हावं?

“साडेतीनशे? दोनशेची पेटी साडेतीनशेला घेतलीत? कुणी गंडवलं तुम्हाला? अहो, आणि माल पिकलेला आहे, उद्या सडेल सगळा! रोज थोडे थोडे कसले विकता?”

ह्यांनी चष्मा वर सारला.

“दोनशेची हे तुला काय माहीत?”

बघा! माझंच तोंड! एक दिवस गप्प बसले असते तर माझं काय गेलं असतं?

मग सगळं सांगावं लागलं. रुमाल, बोटं, बावीस पेट्या, आत्या, सगळं. रिक्षावालाही दाराशी बसून ऐकत होता, उरलेल्या पेट्या आणायच्या राहिल्या. हे हसायला लागले ते खाली बसूनच. “म्हणजे दोनशे रुपयांचा माल मला साडेतीनशेला विकलास तू?”

“मी नाही हो, आत्यानं!”

खाली जाऊन आत्याला धरलं. म्हटलं, “आत्या, तू ओळखतेस ना ह्यांना? रोज भाजी नेतात तुझ्याकडून! मी काय सांगितलं होतं तुला?”

आत्या भाजीवर पाणी मारता मारता शांतपणे म्हणाली, “तू बोललीस, नवऱ्याला सांगू नको. मी नाय सांगला. मी इकला.”

परत वर आले. तांदळाचा डबा काढला, पैसे ह्यांच्यापुढं ठेवले. म्हटलं, काहीही असो, पैज ती पैज. “मोजा. पाच हजाराचे सहा हजार झालेत की नाही? शंभर वरच आहेत.”

ह्यांनी मोजले. मान डोलावली. “झाले. जिंकलीस तू.”

“मग?” मी हात पुढं केला. “ठरल्याप्रमाणं सगळा पगार माझ्या हातात. द्या!”

ह्यांनी खिसे उलटे करून दाखवले. मग समोर मोजून ठेवलेल्या नोटांकडं बोट केलं आणि एवढ्या गोड आवाजात म्हणाले, की मला आजही राग येतो.

“आता कसला मागतेस? मघाशीच पोचला की तुला!”